बापूजींची सवय

खांडबारा, २९ ऑक्टोबर १९३६

चि. धरमूस, जीजीचा आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. त्यावर ओळी मोजक्या, आणि त्यातल्या अर्ध्या मला शहाणपण शिकवणाऱ्या. 'बापूजी माझी वाट पाहतात हे तुझं मत झालं जीजी, पुरावा नव्हे. सिद्ध करून दाखव, मी दुसऱ्याच दिवशी गाडीत बसतो.' पुण्याला मनाचं शास्त्र शिकायला गेलास ते ठीक. पण घरच्या माणसांशी वकिलासारखं बोलायलाही तिथे शिकवतात हे मला माहीत नव्हतं.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं लिहिणार होते. पण माझ्या हातात कांकणं कुठली? ती उतरली त्या वर्षी मी माहेरी परत आले आणि तू, शाळेतलं पोर, पाटी घेऊन माझ्यासमोर येऊन बसलास. आईला वाटायचं मी आतल्या खोलीत रडते आहे, आणि मी तुझ्याकडून मराठी बाराखडी घोकून घेत असे. तेव्हा तुला पत्रं लिहून भंडावणारी ही थोरली बहीण तूच तयार केली आहेस. आता भोग आपल्या कर्माची फळं.

मराठीत लिहिते याचं कारण तुला ठाऊक आहेच. बापूजी मारवाडी-गुजराती वाचतात, मराठी नुसतं बोलतात. घरात तुझं नाव काढायचं नाही हा हुकूम अजून कायम आहे. आपल्या दुकानचा मापारी मगन हे पत्र गुपचूप स्टेशनच्या पेटीत टाकतो आणि तुझी पत्रं तसाच आणून देतो.

तू गेलास त्या सकाळचं भांडण मला पाठ आहे. बापूजी म्हणाले, 'मन दिसत नाही, तागडीत घालता येत नाही, त्याचं दुकान मांडून कोण बसतं?' तू म्हणालास, 'दिसत नाही म्हणूनच तर शिकायचं.' त्यावर ते म्हणाले, 'मग मी बोलावल्याशिवाय हा उंबरा चढू नकोस.' रागात माणूस काय वाटेल ते बोलतं, पण तू ते गाठीला बांधून घेतलंस. आता त्यांनी बोलावल्याशिवाय तू येणार नाहीस आणि ते जन्मात बोलावणार नाहीत. खाण तशी माती.

आता मी जाळीआडून काय पाहते ते ऐक. रोज संध्याकाळी नंदुरबारकडची गाडी यायच्या सुमारास बापूजी दुकान मगनवर सोडतात, ओट्यावर येतात आणि स्टेशनच्या रस्त्याकडे तोंड करून बसतात. उतरलेली माणसं समोरून जातात. शेवटचं माणूस दिसेनासं झालं की उठतात. कोणी विचारलं की म्हणतात, 'हवा खाऊं हूं.'

ते फार वाळले आहेत धरमू. सदऱ्याच्या बाह्या त्यांच्या हातांवर लोंबतात. नवापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की रक्त कमी आहे, पोटभर खायला घाला. मला तू घरी हवा आहेस, आणि त्यांचे डोळे उघडे आहेत तोवर हवा आहेस. एवढ्यासाठी पुरावाच लागणार असेल तर तो मी गोळा करीन. घोडामैदान जवळच आहे.

तुझी जीजी

&nbsp;

खांडबारा, १८ नोव्हेंबर १९३६

चि. धरमूस,

दिवाळी झाली. आईने तुझ्या वाटचे घेवर केले आणि शेजारी वाटून टाकले. कोणासाठी केले होते ते कोणी विचारलं नाही.

तुझं मोठं पत्र आलं, त्यात शास्त्र कसं करायचं त्याचे नियम आहेत. एका गोष्टीची जितकी म्हणून कारणं संभवतात ती सगळी मांडायची, एकेक तपासून बाद करायचं, जे उरेल ते धरायचं. दोन माणसांना विचारायचं तर एकाचं दुसऱ्याला ऐकू येता कामा नये. ज्याला पाहायचं त्याला कळू द्यायचं नाही, कारण कोणी पाहतंय म्हटलं की माणूस बदलतो. आणि आपल्या म्हणण्याच्या उलट जाणारं काही दिसलं तर तेही प्रामाणिकपणे लिहायचं. शेवटचा नियम फार वाईट आहे, पण पाळीन.

पत्रात तू उंदरांचंही लिहिलं आहेस. उपाशी उंदीर लाकडी चक्रव्यूहात सोडतात, खाण्याचा वास घेत ते चुकतमाकत वाट शिकतात. हे तू फक्त पुस्तकात वाचलंस, स्वतः एकही उंदीर उपाशी ठेवला नाहीस, असं पुढच्या पत्रात ठळक अक्षरात लिही. मला ते आईला वाचून दाखवायचं आहे. जैनाच्या घरातलं पोर प्राण्यांना उपाशी ठेवतं असं तिच्या डोक्यात बसलं तर तीच उपास धरील.

आता माझे प्रयोग. तुझं पहिलं कारण, वारा. ठीक. मी मागच्या अंगणात निंबाखाली बाज टाकली, सतरंजी घातली, पाण्याचा लोटा ठेवला. तिथे असा वारा येतो की माझा पदर डोक्यावर राहत नाही. बापूजी दुपारी तिथे मजेत झोपले. संध्याकाळ झाली, उठले, आणि आले आपले ओट्यावर. ओट्यावर त्या दिवशी पानही हलत नव्हतं. वारा बाद.

दुसरं कारण, सवय. तुझा तो रशियातला डॉक्टर कुत्र्याला खायला देताना रोज घंटा वाजवायचा, मग नुसती घंटा वाजली तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. तू म्हणतोस, 'मी नंदुरबारला शाळेत असताना त्याच गाडीने घरी यायचो. बापूजींच्या मनात गाडी आणि मुलगा एकत्र जोडले गेले. आता शिटी वाजली की पाय ओट्याकडे वळतात. त्यात वाट पाहणं कुठे आलं? खाणं बंद झालं की कुत्र्याचीही लाळ हळूहळू थांबते. तसं हेही विझेल.'

हे वाचून मी पत्र चुलीत टाकणार होते. मग म्हटलं, नको, उत्तर देऊ.

तू शाळेतून यायचास तो शनिवारी. घंटा वाजायची ती शनिवारची. मग बापूजी सोमवारी का बसतात? बाजाराच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते, डोंगरातली माणसं मिठागुळासाठी खोळंबलेली असतात, तरी का बसतात? शिवाय तू शाळेत होतास तेव्हा ते ओट्यावर बसतच नव्हते. हे नुसतं माझं म्हणणं नाही. आईला मी स्वयंपाकघरात विचारलं, ती म्हणाली, 'तेव्हा कशाला बसतील, पोर येणारच होतं.' मगनला गोदामात वेगळं गाठलं. तो म्हणाला, 'पहिले शेठजी सांजले वट्टावर बसेत नहीं, दुकानमाच ऱ्हायेत. धरमूभाऊ गया तैपाशी बसतस. गाडीना लोके गयात का उठतस.' दोघांची साक्ष जुळली आणि एकाचं दुसऱ्याला ऐकू गेलं नाही. जी सवय तू असताना नव्हती आणि तू गेल्यावर लागली, तिला तुमच्या पुस्तकात काय म्हणतात ते कळव.

आणि विझण्याचं म्हणशील, तर तू गेल्याला हा दुसरा हिवाळा. कुत्रा एवढा वेळ थांबला होता का?

तुझी जीजी

&nbsp;

खांडबारा, ६ डिसेंबर १९३६

चि. धरमूस,

आज उलट जाणारं लिहायचं आहे, म्हणून दौत पुढे घेऊनही बराच वेळ नुसती बसले.

पुण्याच्या खाणावळीत तू दिवे लागल्यावर जेवत असशील, म्हणून आठवण करून देते. या घरात दिवस मावळल्यावर बापूजी पाण्याचा थेंबही घेत नाहीत. उन्हाळ्यात काही अडत नव्हतं. गाडी यायची तेव्हा सूर्य डोंगरावर असायचा. ते ओट्यावर बसायचे, उठायचे, हात धुऊन ताटावर यायचे. पण आता दिवस लहान झाला आणि गाडी आपल्याच वेळेला येते. ती येते तोवर अंधार पडलेला असतो. आधी जेवा म्हणून आई बोलावते, तर म्हणतात, 'भूख कोनी.' भूक नाही. गाडी गेल्यावर उठतात तेव्हा जेवणाची वेळ टळलेली. सकाळच्या एका जेवणावर आता दुसऱ्या सकाळपर्यंत राहतात.

मला वाटलं, मिळाला पुरावा. उपाशी उंदीर खाण्याकडे धावतो, हा उपाशी माणूस खाणं सोडून दुसरीकडे जातो. म्हणजे तिकडे खाण्याहून मोठं काहीतरी आहे. मी हे तुला लिहायला बसणार, तोच आई देवघरातून डोळे पुसत आली. म्हणाली, 'कंचन, तुझ्या बापूजींनी एकासन धरलंय. दिवसातून एकदाच जेवायचं. मला बोललेसुद्धा नाहीत. व्रत बोलून दाखवलं की त्याचं पुण्य कमी होतं, म्हणून.'

मग काय विचारतोस. गल्लीत बातमी पसरली. शेजारच्या भंवरीबाई नारळ घेऊन आल्या. दुकानात येणारे-जाणारे महाजन हात जोडून 'धन्य आपकी तपस्या' म्हणू लागले. पारणं कधी, त्या दिवशी सगळ्यांना जेवायला कधी बोलावणार, अशी विचारणा सुरू झाली. बापूजी ना हो म्हणतात ना नाही. नारळाकडे असे पाहतात जसा तो कोणा दुसऱ्याचा आहे. आणि धरमू, मीसुद्धा त्यांच्या पाया पडले. डॉक्टरांचं सांगणं मला ठाऊक असून पडले. व्रताला आडवं कोण येणार?

आता तू म्हणशील, वर्तन एक आणि कारणं दोन. पोरासाठी उपाशी की पुण्यासाठी उपाशी, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. बरोबर आहे. मला यातून काही काढता येत नाही. नियम पाळून जे दिसलं ते लिहिलं.

एवढंच सांगते की काल नंदुरबारकडे मालगाडीचं काही झालं म्हणून संध्याकाळची गाडी फार उशिरा आली. थंडी होती. ते घोंगडी घेऊन तिथेच बसून राहिले. एकासन करणाऱ्याला थंडीत बसायची काय गरज, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे पुरावा नव्हे, हे माहीत आहे.

तुझी जीजी

&nbsp;

खांडबारा, १५ डिसेंबर १९३६

चि. धरमूस,

नीट बसून वाच. उभ्या उभ्या वाचू नकोस.

चातुर्मास संपवून सुरतकडे पायी निघालेल्या साध्वी महासतीजी परवा गावात आल्या आणि आपल्या शेजारच्या वखारीत मुक्कामाला उतरल्या. दुपारी व्याख्यान झालं. सगळं गाव लोटलं होतं. व्याख्यान संपल्यावर भंवरीबाईंना राहवलं नाही. उठून म्हणाल्या, 'आमच्या जेठमलजींचं एकासन चाललंय, आपण आशीर्वाद द्यावा.' आई पदर सावरून अशी बसली होती जसं व्रत तिचंच आहे.

महासतीजी प्रसन्न झाल्या. म्हणाल्या, 'श्रावकजी, पचखाण कोणापाशी घेतलंत? मनातल्या मनात धरलं असेल तर या, मी विधीने देते.' पचखाण म्हणजे तोंडाने उच्चारून घेतलेला नेम. तो एकदा घेतला की घेतला, मग मोडता येत नाही. बापूजी उठले. मला वाटलं हात जोडतील, नेम घेतील, म्हणजे उपासाला कुलूपच लागेल.

त्यांनी हात जोडले. म्हणाले, 'म्हैं पचखाण कोनी लियो.' मी नेम घेतलेला नाही.

तुला माहीत आहे, बापूजी गिऱ्हाइकाशी घासाघीस करतील, जकातवाल्याशी हुज्जत घालतील, पण साधुसाध्वींपुढे खोटं बोलायचे नाहीत. महासतीजींनी अगदी साधेपणाने विचारलं, 'मग संध्याकाळी जेवत का नाही?'

बापूजी खाली पाहत होते. पागोट्याचं टोक हातात धरलं होतं. म्हणाले, 'उण टैम गाडी आवै.' त्या वेळेला गाडी येते.

कोणी हसलं नाही. महासतीजींनीसुद्धा कोणती गाडी, कोण येणार, असं विचारलं नाही. त्यांनी घर सोडलेलं, पण त्याही कोणाच्या तरी घरून निघाल्या असतील. 'बैठो,' एवढंच म्हणाल्या. बापूजी बसले. आईने तोंडाला पदर लावला आणि तिच्या खांद्यावरून मला कळलं की ती रडते आहे.

मी यात कुठे नव्हते धरमू. मी प्रश्न शिकवला नव्हता, उत्तर सुचवलं नव्हतं. सगळ्या गावादेखत, जिच्यापुढे खोटं बोलवत नाही तिच्यापुढे दिलेली साक्ष आहे ही. आता बोल. घे तिकीट.

तुझी जीजी

&nbsp;

खांडबारा, २७ डिसेंबर १९३६

धरमूस,

आज मी रागात आहे, तेव्हा आशीर्वाद शेवटी.

तुझं पत्र आलं. 'जीजी, मी हरलो,' असं लिहिलंस. वाचून मी देवापुढे साखर ठेवली. पण खालच्या ओळीत पुन्हा तेच. 'तरीही त्यांनी मला बोलावलेलं नाही. उंबऱ्यावरून परत पाठवलं तर मला सोसणार नाही. ते अजून बसतात ना, एवढं पाहून लिही.' ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. तुला आता पुरावा नको आहे, तुला भीती वाटते आहे, असं सरळ लिही. भीतीला मी हसणार नाही. मलाही वाटते.

बसतात का ते विचारलंस. नाही बसत. त्या व्याख्यानापासून एकदाही ओट्यावर आले नाहीत. दिवस असतानाच ताटावर बसतात, दोन घास खातात, आणि शिटी वाजते तेव्हा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून असतात. गल्लीतली माणसं संध्याकाळी मुद्दाम आपल्या ओट्यासमोरून जातात, एकदा डोकावून पाहतात. बापूजींना कळलंय की लोक आपल्याला पाहतात.

तेव्हा तुझ्याच नियमाने सांग. हे विझलं म्हणायचं, की लाजेने झाकलं म्हणायचं? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. मी जाळीआड तांदूळ निवडत कितीही बसले तरी मला ते दिसायचं नाही. इथे तुझं शास्त्र थांबलं. हे मी त्याला नावं ठेवायला म्हणत नाही. त्याच्यामुळे मी बापूजींना जेवढं पाहिलं तेवढं या जन्मात पाहिलं नव्हतं. पण पुढचं पाऊल पुराव्याने टाकायचं नसतं, ते पायाने टाकायचं असतं.

आणि एक. बापूजी दीड-दोन वर्षं रोज ओट्यावर बसले आणि तू रोज आला नाहीस. त्यांनी रोज सोसलं. तुला एकदा सोसायचं आहे.

आशीर्वाद.

जीजी

&nbsp;

खांडबारा, ९ जानेवारी १९३७

चि. धरमूस, अनेक आशीर्वाद.

काल दुपारी बापूजींनी मला हाक मारली. 'कंचन, कागद ला.' मी दुकानचा कागद नेला. म्हणाले, 'हा नव्हे. तू त्याला लिहितेस तो.'

ते म्हणाले, 'मगनला गेली दीड-दोन वर्षं पोस्टाचे पैसे कोण देतंय असं तुला वाटत होतं?' मी मगनकडे पाहिलं. तो गव्हाच्या पोत्यात एकाएकी फार काही शोधू लागला. मी बसले. मग त्यांनी विचारलं, 'तो काय म्हणतो माझ्याविषयी?'

मीही साध्वीपुढे असल्यासारखं खरं सांगितलं. म्हटलं, तो आधी म्हणायचा की ही तुमची सवय आहे. मग त्या रशियातल्या कुत्र्याची सगळी गोष्ट सांगितली. घंटा वाजते, तोंडाला पाणी सुटतं, मग नुसतीच घंटा वाजवत राहतात आणि खायला देत नाहीत, हळूहळू पाणी सुटायचं थांबतं. बापूजींनी लक्ष देऊन ऐकलं, भाव ऐकतात तसं. मला वाटलं आता चिडतील. त्यांनी विचारलं, 'मग शेवटी त्या कुत्र्याला जेवायला घातलं की नाही?'

म्हटलं, पुस्तकात काय दिलंय ठाऊक नाही, धरमूला विचारते. ते म्हणाले, 'विचार.' तेव्हा विचारते आहे. येशील तेव्हा सांग.

आई दारात येऊन उभी राहिली. मी लेखणी घेऊन थांबले होते. मग ते म्हणाले, 'लिह.' त्यांनी मारवाडीत सांगितलं. तुझं मारवाडी पुण्यात गंजलं असेल म्हणून मराठीत उतरवते, एकही शब्द माझ्या पदरचा नाही.

'संध्याकाळच्या गाडीने येऊ नकोस. ती येते तेव्हा दिवस मावळलेला असतो. दुपारच्या गाडीने ये. उजेड आहे तोवर दोघं जेवू.'

जीजी